खात्री न देणारा मामा

उत्तर मिळालं की हिरमुसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझा धाकटा मामा. कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर त्याची कोंबड्यांची शेड आहे. शाळेशी त्याचं फारसं जमलं नाही. मास्तरांचे प्रश्न फार सोपे असतात, अशी त्याची तक्रार होती. एकाच गोणीतला दाणा खाणाऱ्या दोन पिल्लांतलं एक गुटगुटीत आणि एक मरतुकडं का, हे बघायला तो अख्खी दुपार शेडमध्ये उकिडवा बसायचा. मामी जेवायला हाका मारमारून शेवटी स्वतः जेवून घ्यायची.

साथीत माणसांसाठी लस आली तेव्हा आमच्या भागात मतांचा नुसता सुकाळ झाला. चौक गावातल्या धाब्यावर बसलेला प्रत्येक जण एक तर लशीची आरती ओवाळत होता किंवा तिला विष म्हणत होता. मत नव्हतं ते एकट्या मामाला. "चालते म्हणजे किती चालते? रोग येऊच देत नाय, का येतो पण मारत नाय? दोन्ही वेगळं हाय ना रं?" असं त्यानं विचारलं, की दोन्ही बाजूंचे लोक मिळून त्याच्यावर तुटून पडत. पिल्लांच्या डोळ्यांत लशीचे थेंब घालण्यात त्याची हयात गेलेली. "थेंब घालून बी काही पिल्लं जातात. पण नाय घातला, तर रोगाच्या वर्षी अख्खी शेडच झाडून रिकामी करावी लागते," एवढं तो सांगे. त्यापुढे शपथेवर काही बोलायला तयार नसे.

पंचाईत झाली ती माझ्या आईमुळे. आई मामाची थोरली बहीण, दम्याची. तिनं खोपोलीत आमच्या घरी जाहीर करून टाकलं, "धाकट्यानं खात्री दिली तरच मी सुई घेईन." रोज कुणाची तरी वाईट बातमी येत होती आणि माझा जीव टांगणीला लागला होता. मी मामाला फोन करून विनवलं, "मामा, हो म्हणून टाक ना!" मामा आला, तिच्यासमोर बसला, घाम पुसत म्हणाला, "आक्का, खात्री नाय. पण तू माझ्या शेडमधली असतीस, तर सगळ्यात आधी तुला दिली असती."

"मला कोंबडी म्हणतोस, मेल्या?" आई कडाडली. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच ती नवं पातळ नेसून तयार होती. लस तापली की वाया जाते, हे मामाला पाठ. त्यानं आरोग्य केंद्रात नर्सबाईंना डब्यातला बर्फ दाखवायला लावला. मागची रांग ओरडत होती. "दाखवते, पण मग तुमी बी घ्यायची," बाई म्हणाल्या, आणि मामानं निमूट बाही वर केली.

दोन्ही डोस झाले आणि काही महिन्यांनी आईला तो आजार झालाच. आठवडाभर ती दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. मामा बाहेरच्या बाकावरून हलला नाही. "मी चूक सांगितलं का रं?" एवढंच त्यानं मला विचारलं. मला त्याचा राग आला होता आणि त्याहून जास्त दया.

आई घरी आली. अंगात जोर आल्यावर पहिल्यांदा तिनं तांदळाची भाकरी थापली आणि मामाला वाढली. मामाच्या कपाळाला आठ्या.

"आक्का, तू वाचलीस ती लशीनं, का मुळातच चिवट म्हणून? कसं कळायचं? तुझ्यासारखीच दुसरी आक्का पाहिजे होती, बिनलशीची."

"आन् ती मेली असती म्हंजे तुला कळलं असतं, होय रं?"

मामाचा घास हातातच राहिला. डोळे भरून आले तरी त्यानं ते पुसले नाहीत.

"नको," तो म्हणाला. "नाय कळलं तरी चालंल मला."