बेरीज करत चढणारे मामा

काशीतली गंगा उत्तरेकडे वळते, पण आमच्या हिचे मामा कुणाच्या बापाच्याने वळायचे नाहीत. जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि त्यातली संचयी वारंवारता तेवढी अंगात भिनवून घेतली. म्हणजे पुढचा आकडा सांगायचा तर मागचे सगळे त्यात मिळवायचे. आकड्यांपुरतं ठीक आहे हो! पण "मामा, आज भाजी काय?" विचारलं तरी हा गृहस्थ सोमवारच्या दुधीपासून सुरुवात करतो आणि आजच्या वांग्याला पोचेपर्यंत वांगं गार होतं. डॉक्टरकडे गुडघा दाखवायला गेले तर आधी लहानपणीचा गोवर. डॉक्टर सज्जन, म्हणून टिकले.

आमच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात तर त्यांनी कहरच केला. पंगतीत कुणी किती पुरणपोळ्या खाल्ल्या हे विचारत फिरले आणि विडे वाटेपर्यंत आलेख भिंतीवर! "हे बघा, दोनपर्यंत खाणारे इतके. चारपर्यंत खाणारे, त्या दोनवाल्यांना धरून, इतके. ही रेघ चढते किंवा आडवी जाते, भई, उतरत कधीच नाही!" इथवर लोक हसत होते. मग कुणीतरी विचारलं, ती शेवटी एवढी आडवी जाऊन पुन्हा टीचभर का चढली? "बाकीचे सगळे थांबले होते ना," मामा म्हणाले. "ते टीचभर म्हणजे आपले पूजेचे गुरुजी." गुरुजी विडा न घेताच उठले.

अशा माणसाच्या हाती मी माझी लेक दिली. चिमी बी.ए.ला याच विषयात नापास झाली होती आणि पुन्हा राहिली असती तर पुण्यातला प्रवेश हातचा गेला असता. मामांनी तिला अमृतराव घाटावर नेलं. "खालच्या पायऱ्या सोडून वरच्या पायरीवर पोचशील? नाही ना? तसंच वरच्या वर्गाच्या, म्हणजे आकड्यांच्या गटाच्या, बेरजेत खालचे सगळे वर्ग आले." झालं, कळलं! पण नाही, भर जेठच्या उन्हात पोरीला घाट चढायला-उतरायला लावला. तिने वहीतल्या आलेखात ठिपका वर्गाच्या मधोमध दिला तर घाटभर ऐकू जाईल असे ओरडले, "गधी कुठली! वीस ते तीसमधले सगळे तिसापाशी पुरे होतात. ठिपका वरच्या टोकाला!" नावाडी फिदीफिदी हसले आणि चिमी रडत घरी आली. "बाबा, अब मुझसे नहीं होगा. ट्यूशन लावा."

मी लावणारच होतो. ही आडवी आली. "मामी गेल्यापासून त्यांच्या दाराची कडी चिमीशिवाय कोण वाजवतं? खबरदार तिला काढलीत तर!" मग सकाळी मामा आणि दुपारी गुपचूप ट्यूशन, असा दुहेरी जाच पोरीने सोसला आणि चांगली पास झाली. श्रेय कुणाचं ते देव जाणे. मामांनी मात्र गल्लीतल्या पानवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत ते सगळं आपल्या नावावर जमा केलं.

पेढे घेऊन आम्ही गेलो. मामांनी पेढा तोंडात टाकला, तिच्या पाठीवर थाप मारली आणि पेढे न मोजताच खोका बाजूला ठेवला.

"म्हणजे उद्यापासून येणार नाहीस," ते म्हणाले.

चिमीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "येणार ना, मामाआजोबा. त्या आलेखावरून मध्यक कसा काढायचा ते मला अजून कळलेलंच नाही."

"काय? मग पास कशी झालीस, गधी?" मामा कडाडले. चेहरा असा फुलला, की विचारू नका. "निम्म्या संख्येपासून आडवं जायचं, रेघेला भिडलं की सरळ खाली उतरायचं! थांब, हे असं नाही समजायचं. पहिल्यापासून घेऊ. उद्या सकाळी लवकर ये."

"आणि परवा?" चिमीने विचारलं.

"परवा पण. घाई कसली आहे?"

चिमीचं पुण्याच्या गाडीचं तिकीट येत्या रविवारचं होतं. ते त्यांना सांगायचं कुणी? मी आणखी एक पेढा खाल्ला.