तोतारामची उभी पाणबुडी

आमच्या तोतारामला पोहता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणी म्हणायला नको की नानानं लपवलं. वरणगावच्या अलीकडे, तापीच्या काठाला आमचं गाव. धरणाच्या फुगवट्यामुळे भर उन्हाळ्यातही विहिरींना तीस-चाळीस फूट पाणी असतं. पहिलीतली पोरंसुद्धा काठावरून धडाधड उड्या टाकतात. आणि हा गृहस्थ तीस वर्षं पंचक्रोशीतल्या विहिरींत पाण्यातल्या मोटारी सोडतो आणि काढतो, पण स्वतः गुडघ्याच्या वर भिजला असेल तर फक्त अंघोळीला. तेही इंदिराबाई, म्हणजे त्याची बायको, मागे लागली तर.

पण मोटार सोडावी तर तोतारामनंच. लोखंडी तिपाई उभी करणार, साखळीची कप्पी लावणार, आणि मोटार अशी खाली उतरवणार की तान्हं बाळ पाळण्यात ठेवतोय. "वस्तू पाण्यात टाकायची नसते नाना, ठेवायची असते," असं तो मला शंभरदा म्हणालाय. एवढं वाक्य लक्षात असू द्या. याच सवयीनं पुढे त्याचा घात केला.

तर पाणबुडीचं मूळ त्याच्या व्याह्यात आहे. तोतारामची मयुरी धुळे जिल्ह्यात सोनगीरला दिली आहे, प्रेमराजभाऊंच्या ललितला. प्रेमराजभाऊ माणूस सोन्यासारखा, फक्त बोलतो. आणि भेटवस्तू देतो. अकरा वर्षांपूर्वी तोतारामच्या नव्या घराची घरभरणी झाली तेव्हा त्यांनी टेम्पोतून एक सिमेंटचा मोर आणला. कमरेएवढा, पिसारा फुलवलेला, निळाजर्द. खाली चौथऱ्यावर लाल रंगात नाव: सप्रेम भेट, प्रेमराज पुना पाटील, सोनगीर. आमच्याकडे आहेरावर नाव टाकायची रीतच आहे, चमच्यावरसुद्धा टाकतात. मोर अंगणात उभा केला आणि त्या दिवसापासून तोतारामच्या म्हशीनं दूध चोरायला सुरुवात केली. मोराकडे बघायची आणि पान्हा आखडायची. महिन्याभरात मोर चोरीला गेला. निदान तोतारामनं सोनगीरला फोन करून तसं कळवलं, आवाज भरून आणून. प्रेमराजभाऊंना वाईट वाटलं, पण आतून ते फुगले. "जयगावना चोरबी पारखी शेत," म्हणजे जळगावचे चोरही पारखी, असं धुळ्याच्या बसस्टँडपर्यंत सांगत फिरले. आपला मोर चोरण्याइतका देखणा होता, हे त्यांच्या आयुष्यातलं एक मोठं समाधान.

दुसरं मोठं समाधान म्हणजे पाणबुडी. तीन वर्षांपूर्वी ते एका यात्रा कंपनीबरोबर समुद्रावर गेले आणि काचेच्या खिडक्यांच्या बोटीत बसून पाण्याखालचे मासे बघून आले. बघायला लागली चाळीस मिनिटं. सांगायला लागतात अडीच तास. गोष्ट सुरू होते सोनगीरला बॅग भरण्यापासून. बॅगेची चेन अडकते. चेन सुटेपर्यंत ऐकणाऱ्याचा पहिला चहा संपतो, समुद्र दिसेपर्यंत म्हशीची धार काढायची वेळ होते. मग मोबाइलवरचे दोनशे बारा फोटो, निम्म्यांत मासा आणि निम्म्यांत प्रेमराजभाऊंचा अंगठा. आणि ऐकणाऱ्यानं प्रत्येक वाक्याला हुंकारा द्यायचा. हुंकारा चुकला की मागचं वाक्य पुन्हा!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाच्या झाडाला झोके बांधतात, आणि सोनगीरचे व्याहीही आमरस खायला म्हणून येतात. मागच्या आखाजीला गोष्ट अशीच पाण्याखाली पोचली होती.

"मंग त्या खिडकीम्हाइन येक मासा..." प्रेमराजभाऊ म्हणाले, आणि तोतारामच्या नाकातून घर्रर्र असा हुंकारा आला.

"याही, झोपी गयात का?"

"छे हो भाऊ. डोळे मिटून बघत होतो."

"मंग सांगा, माशाना रंग कोनता व्हता?"

"माशासारखा."

झोक्यावरच्या बाया फिदीफिदी हसल्या. प्रेमराजभाऊंचा चेहरा पडला. "पानीखाले जावाले छाती लागस, याही!"

"त्यात कसली छाती? तीस वर्षं झाली, मी पाण्याखाली धाडतोच आहे."

"तुम्ही मोटारी धाडतस. तुम्ही कधी गयात का?"

झालं. तोताराम पाटावरून उठला आणि आमरसाची वाटी हातात धरून बोलून बसला: पुढच्या आखाजीला मी तुम्हाला माझ्या पाणबुडीत बसवतो, जिवंत मासा दाखवतो आणि कोरडे वर आणतो. तसं झालं तर ती गोष्ट या घरात पुन्हा निघायची नाही. नाही झालं, तर मी मरेपर्यंत दर आखाजीला ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकेन. जागा राहून. हुंकाऱ्यांसकट. मी शेजारी बसलो होतो, म्हणून मला पंच नेमलं.

मयुरी सोनगीरहून बापाला मोबाइलवर व्हिडिओ पाठवू लागली. सासऱ्याची गोष्ट तिला तर रोज ऐकावी लागते, त्यामुळे पोरगी मनापासून बापाच्या बाजूनं. तोतारामचा अभ्यास असा की विचारू नका. साठ वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडच्या तळ्यात एका प्रदर्शनासाठी प्रवासी पाणबुडी केली होती, तिच्यात एका वेळी चाळीस माणसं बसायची, हे त्यानं मला चारदा सांगितलं. मग बेटाबेटांवर पर्यटकांच्या पाणबुड्या निघाल्या, आता तर श्रीमंतांसाठी काचेच्या गोळ्यासारख्या निघतात. सगळं पाहून त्यानं निष्कर्ष काढला: "नाना, ही आपली मोटारच आहे. फक्त आत माणूस."

"अरे, पण पाणबुडी पुढेही जाते."

"विहिरीत पुढे काय आहे? भिंत! खाली गेली, वर आली, की झालं."

तर जगातल्या सगळ्या पाणबुड्या आडव्या असतील, आमची उभी झाली. भंगारातून डिझेलचं एक जुनं उभं टाकं आणलं. गावचा वेल्डर धनसिंग यानं त्याला वर झाकण आणि बाजूला जाड काचेची एकच खिडकी बसवली. आत रिक्षाची मागची सीट. हवेसाठी दोन जाड काळ्या नळ्या पार विहिरीच्या काठापर्यंत. एकीतून धान्य उफणायचा पंखा हवा आत लोटणार, दुसरीतून वापरलेली हवा बाहेर. बोलणंही त्याच नळीतून. आत कुजबुजलं तरी काठावर भोंग्यासारखं ऐकू यायचं. हा गुण पहिल्यांदा सगळ्यांना फार आवडला.

पहिल्या दिवशी क्रेननं टाकं आमच्या विहिरीत सोडलं आणि ते म्हशीसारखं निवांत तरंगत बसलं. बुडेचना! ज्याच्या हातची मोटार कधी वर आली नाही, त्याची पाणबुडी खाली जाईना. गाव आठवडाभर बघायला येत होतं. मग वजनं बांधायला सुरुवात झाली. ट्रॅक्टरच्या चाकांची वजनं, जळक्या मोटारी, पिठाच्या गिरणीचे झिजलेले दगड. शेजारच्या तानुबाईनं आपलं जुनं जातं दिलं आणि ती रोज सकाळी येऊन "माझं जातं बुडालं का?" असं विचारून जायची. शेवटी कोणीतरी रेल्वेच्या रुळाचे तुकडे आणले. कुठून आणले ते मी पंच असल्यामुळे विचारलं नाही. त्या दिवशी पाणबुडी बुडाली. तोतारामच्या डोळ्यांत पाणी आलं. आखाजीला चार दिवस उरले होते.

पण धनसिंग आत बसून वर आला आणि म्हणाला, "दिसत काहीच नाही. मेथीची भाजी दिसते."

विहिरीचं पाणी हिरवंगार. मासा खिडकीवर नाक घासून गेला तरी कळणार नाही. आणि पैज तर मासा दाखवण्याची. तेव्हा तोतारामनं डोकं चालवलं आणि आदल्या दिवशी सकाळी दोन पोती तुरटी फिरवली. आखाजीला सकाळी पाणी असं निवळलं की वरून विहिरीत पाहिलं तर आपला चेहरा दिसावा, दाढीच्या खुंटांसकट. तालीम करायला वेळ नव्हता. त्याला गरजही वाटली नाही.

दुपारी सारं गाव काठावर. आत आम्ही तिघं: तोताराम, प्रेमराजभाऊ आणि पंच म्हणून मी. रिक्षाच्या सीटवर तिघं बसलो, तोताराम मध्ये. झाकणाचे बोल्ट आवळले गेले तेव्हा त्यानं माझा हात धरला, तो वर येईपर्यंत सोडला नाही. क्रेन चालवायला गावचाच झुलाल होता. "सोड हळूहळू!" तोताराम नळीत ओरडला, आणि आम्ही बुडालो.

खरं सांगतो, मजा आली. दोरावर टाकं सावकाश गोल फिरू लागलं, त्यामुळे खिडकी एकच असूनही देखावे आपोआप बदलत होते. दगडी भिंत गेली. मोटारीचा पाइप गेला. मग माशांचा एक थवा आला, चांगले वीतभर लांब, आमच्याकडे बघून तोंड उघडझाप करणारे.

"मासा!" तोताराम किंचाळला. "जिवंत! नाना, लिहून घ्या!"

"देखा, देखा," प्रेमराजभाऊ कबूल झाले. मन मोठं त्यांचं. काचेला नाक लावून बसले. मग विहिरीतलं म्हातारं कासव गेलं. मग कपारीवर आडवा पडलेला तानुबाईचा हंडा, जो नेल्याचा आरोप ती वीस वर्षं धाकट्या जावेवर करत होती. आणि मग, दक्षिणेच्या कपारीवर, ताठ उभा, पिसारा फुलवलेला, तुरटीनं लख्ख धुतलेला...

मी टाक्याच्या छताकडे बघू लागलो.

मोर सावकाश खिडकीतून गेला. पंखा तेवढा घरघरत होता.

"याही," प्रेमराजभाऊ म्हणाले, "आते काय गयं?"

"कासव."

"कासवले पिसारा ऱ्हास का?"

"जुनं कासव आहे," मी म्हणालो. मला काहीतरी मदत करायची होती.

"झुलाल, वर घे!" तोताराम नळीत ओरडला. पण वर सगळे हसत होते, झुलालला ऐकू गेलं नाही, आणि टाकं पुन्हा फिरून आलं. या खेपेला मोर अगदी समोर, दोन हातांवर. पायांमधून एक मासा आरपार गेला. प्रेमराजभाऊंनी चष्मा पुसला आणि शाळेत धडा वाचावा तसं मोठ्यानं वाचलं: "सप्रेम भेट. प्रेमराज. पुना. पाटील. सोनगीर." मग थांबून म्हणाले, "हाऊ मन्हा मोर शे."

टाकून दिला असता तर तुकडे झाले असते, कोणाला ओळख पटली नसती. पण ह्या शहाण्यानं कप्पी लावून, साखळीनं, पाळण्यात ठेवावा तसा ठेवला होता, तोंड उत्तरेला करून. अकरा वर्षं हिरव्या पाण्याखाली राहिला, तुरटी फिरवताना त्याची आठवणच झाली नाही. साखळीचं दुसरं टोक कोणाच्या हातात होतं, ते इथे महत्त्वाचं नाही.

नळीतून इंदिराबाईचा आवाज आला, संतापलेला: "मी तेव्हाच म्हटलं होतं, फोडून टाका! पण नाही! म्हणे वस्तू ठेवायची असते!"

मग वर सगळं गाव जे हसलं, ते आम्हाला पाण्याखाली वीस फुटांवर ऐकू आलं. मयुरीचा आवाज त्यात वेगळा ओळखू येत होता.

आम्ही वर आलो. कोरडे. मी पंच म्हणून निकाल दिला: मासा दिसला, भिजलं कोणी नाही, तोताराम जिंकला. टाळ्या पडल्या. प्रेमराजभाऊ मात्र हात धुऊन पाटावर बसले आणि बोलेनात. समुद्राचं नाही, मोराचं नाही, मिठाचंसुद्धा नाही. एरवी पाच वाट्या आमरस घेणाऱ्या माणसानं एकीनंतरच वाटीवर हात आडवा धरला. खापरावरची पुरणपोळी तशीच. मयुरीचं हसू मावळलं, ती बापाकडे बघायला लागली.

ज्या शांततेसाठी तोतारामनं वर्षभर जीव आटवला, ती शांतता घरात आली होती, आणि त्याला घास उतरेना. पाव तास त्यानं सोसलं. मग पाट सरकवत सरकवत व्याह्याच्या शेजारी गेला.

"भाऊ."

प्रेमराजभाऊंनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"भाऊ, ते... सोनगीरला बॅग भरत होते तेव्हा काहीतरी अडकलं होतं ना?"

प्रेमराजभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. मग वाटीवरचा हात काढला. "चेन," ते म्हणाले.

"हूं," तोताराम म्हणाला.

इंदिराबाईनं वाटी भरली.

मोर दुसऱ्या दिवशी वर काढला, आता अंगणात आहे. म्हशीनं त्याला पाहिल्याबरोबर ओळखलं. पाणबुडीत इंदिराबाई ज्वारी भरते. आणि गोष्ट कमी व्हायच्या ऐवजी तीन तासांची झाली, कारण समुद्र संपला की प्रेमराजभाऊ आता आमच्या विहिरीत उतरतात. सुट्टीत चार दिवस राहिले, तेवढ्यात मी दोनदा ऐकली. तोताराम एकदाही पेंगला नाही. पेंगणार कसा? मोर खिडकीत आला की प्रेमराजभाऊ थांबतात, त्याच्याकडे वळतात आणि गोड आवाजात विचारतात:

"मंग चोर कोन व्हता, याही?"

आणि हुंकारा तर द्यावाच लागतो.