डाव्या बाजूची खुर्ची

ठोक्याला आयुष्यात दोनच कामं नीट जमली. चेपलेला पत्रा सरळ करणं आणि सरळ नाक चेपणं. पहिल्या कामावर त्याचं घर चालायचं आणि दुसऱ्यासाठी तो आठवडाभर शनिवारची वाट बघायचा. आईबापांनी त्याचं नाव काहीतरी चांगलं ठेवलं होतं, पण गॅरेजमध्ये, स्टेडियमवर आणि पोलीस चौकीत तो ठोक्याच होता. बायको मात्र 'अहो' म्हणायची. ते 'अहो' ती कोणत्या सुरात म्हणते यावरून घरातलं हवामान कळायचं.

गॅरेज म्हणजे बस डेपोच्या मागच्या भिंतीला टेकवलेली शेड. आत अपघातात चुरगळलेली दारं, बॉनेट आणि मडगार्ड एकावर एक रचलेली. ठोक्या डाव्या हाताने पत्र्याच्या मागे लोखंडी ठोकळा धरायचा आणि उजव्या हाताने पुढून हातोडी चालवायचा. दिवसभर हेच. त्यामुळे त्याचा उजवा हात डाव्याच्या दीडपट झाला होता आणि कान निम्मे गेले होते. घरात तो नुसतं "चहा टाक" म्हणाला तरी शेजारच्यांना भांडण जुंपल्यासारखं वाटायचं.

त्याची फुटबॉलची टीम लाल जर्सीची. ती खेळायची कशी, हे विचारू नये. गोलकीपरला चेंडू सोडून सगळं सापडायचं, आणि चुकूनमाकून गोल झालाच तर तो ऑफसाइड निघायचा. टीम वरच्या गटातून खालच्या गटात घसरली, तिथूनही घसरली. कोच तर इतके बदलले की त्यांची नावं पाठ करणं लोकांनी सोडून दिलं. ठोक्या जागचा हलला नाही. दर उन्हाळ्यात सीझन तिकिटांची, म्हणजे वर्षभराच्या ठरलेल्या खुर्च्यांची, खिडकी उघडली की पहिल्याच दिवशी हा रांगेत. गोलच्या मागचा स्टँड, शेवटून चौथी रांग, शेजारशेजारच्या दोन खुर्च्या. डावी त्याची, उजवी मेहुण्याची.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, म्हणून बायकोनेच त्याला वाढवलं. लग्न होऊन आली तीसुद्धा त्याला हाताशी धरूनच. घरात किरकिर करायला लागला की ठोक्या त्याला मॅचला घेऊन जायचा. तिथेच तो शिट्टी शिकला, शिव्या शिकला आणि मार खायला नि द्यायला शिकला. बायकोला स्टेडियमचं तोंडही बघायचं नव्हतं. "माझ्या भावाचा तुम्ही गुंड केलात," असं ती म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

या स्टँडच्या लोकांची एक रीत होती. शहराच्या दुसऱ्या टोकाची टीम निळी. तिच्याशी मॅच असली की मॅचनंतर मागच्या गल्लीत दोन्हीकडची माणसं भिडायची. गल्लीत शिरायच्या आधी लाल लोक आपलं जॅकेट उलटं करून घालायचे. अस्तर बाहेर, शिवण बाहेर. कॅमेऱ्यात रंग येऊ नये हा एक फायदा. खरा फायदा असा की झोंबाझोंबीत समोरच्याचं तोंड बघायला कुणाला फुरसत असते? शिवण दिसली की आपला, नाही दिसली की हाण. यात कधी चूक होऊ शकते हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण या मंडळींची डोकी मुख्यतः टक्कर मारायच्या कामी यायची.

मेहुण्याला नुकतीच पार्सल कंपनीत नोकरी लागली होती. निळ्यांशी मॅच होती त्या शनिवारी ड्यूटी लांबली, मॅच हुकली, आणि तो तसाच कंपनीच्या जॅकेटवर गल्लीकडे पळत सुटला. जॅकेट निळं होतं. ते उलटं करायचं त्याला सुचलं नाही, कारण गल्लीच्या तोंडाशीच त्याला ठोक्या दिसला. पाठ भिंतीला, समोर तिघं.

ठोक्याचा ओठ फाटला होता आणि दातांत रक्त आणि वाळू झाली होती. त्याने एकाच्या गुडघ्यावर बुटाची टाच अशी घातली की तो पोरासारखा रडत खाली बसला. दुसऱ्याने वीट मारली, ती खांद्यावर घेतली आणि त्याचं डोकं धरून भिंतीवर आपटलं. तिसऱ्याच्या हातात झेंड्याचा दांडा होता. ठोक्याने तो हिसकावला, त्याच्याच पाठीवर मोडला आणि अर्धा तुकडा हातात ठेवला. रक्त असं खवळलं होतं की त्याला छान वाटत होतं. तेवढ्यात बाजूने एक निळी बाही झपकन अंगावर आली. शिवण दिसली नाही. ठोक्याने पूर्ण हाताने मारलं, आणि दांड्याचं फुटकं टोक समोरच्याच्या डोळ्यात गेलं.

"भाऊजी," तो माणूस म्हणाला.

मेहुणा ओरडला नाही. एवढंच म्हणाला आणि चेहरा हातांत धरून खाली बसला. त्याच्या बोटांतून जे ओघळत होतं ते नुसतं रक्त नव्हतं. ठोक्याने मेहुण्याला उचललं आणि धावत सुटला. वाटेत जो आडवा आला त्याला, लाल की निळा ते न बघता, खांद्याने उडवत गेला.

डावा डोळा गेला. पोलीस आले तेव्हा मेहुण्याने सांगितलं, निळ्यांपैकी कुणीतरी मारलं, तोंड दिसलं नाही. पण बायको हॉस्पिटलात आली आणि ठोक्याने तिला कॉरिडॉरमध्येच खरं सांगितलं. "मी मारलं. ओळखलं नाही."

बायको लॉन्ड्रीत वाफेच्या प्रेसवर काम करायची. दिवसभर जड ओल्या चादरी उचलणारे तिचे दंड. तिने आधी पर्सने मारलं, पर्स तुटल्यावर चपलेने मारलं, आणि चप्पलही हातातून उडाल्यावर मुठींनी. नर्सने मधे पडून ओढेपर्यंत ती थांबली नाही. ठोक्याने तोंडासमोर हातसुद्धा धरला नाही.

घरी आल्यावर ती एकच वाक्य बोलली. "उन्हाळ्यात खिडकी उघडली आणि तुम्ही तिकडे फिरकलात, तर घरी परत येऊ नका."

"नाही जाणार," ठोक्या म्हणाला. त्याने ते मनापासून म्हटलं होतं. टीम त्याला जिवापाड प्रिय होती, म्हणूनच ती सोडणं ही शिक्षा बरोबर बसेल असा त्याचा हिशेब. तो स्वतःवर थोडा खूषही होता.

मेहुणा घरी आला. डोळ्यावर पट्टी. दाराच्या डाव्या कडेवर आदळायचा, पाणी ग्लासाच्या बाजूला ओतायचा. गाडीवरची ड्यूटी गेली आणि कंपनीने त्याला गोदामात पार्सलं निवडायला बसवलं. ठोक्याला तो एका शब्दाने बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती तर ठोक्याला झोप तरी लागली असती. इकडे गॅरेजमध्ये तो सगळा राग पत्र्यावर काढायला लागला. सरळ करायला आलेली दारं त्याने मारून मारून फाडली. गिऱ्हाइकं तोंडावर काही बोलायची नाहीत. गुपचूप दुसरं गॅरेज शोधायची.

"खिडकी उघडली का हो भाऊजी?" मेहुण्याने एकदाच विचारलं. ठोक्या डबा उचलून गॅरेजला निघून गेला. दोन्ही तिकिटं त्याच्या नावावर होती. त्याने जाऊन सांगितलं तरच खुर्च्या राहणार. नाहीतर शेवटच्या दिवशी खिडकी बंद झाली की त्या ताटकळत बसलेल्या दुसऱ्या कुणाला जाणार.

त्या शेवटच्या दिवशी दुपारी मेहुणा गॅरेजमध्ये आला.

"तिकिटं घेतली?"

"नाही."

"विसरलात?"

"नाही रे. घेणारच नाहीये." ठोक्याने हातोडी खाली ठेवली. "तुझ्या डोळ्यापायी सोडतोय मी. माझी शिक्षाच समज."

मेहुणा हसला. मग त्याने बॉनेटला टेकू द्यायचा लोखंडी रॉड उचलला आणि घातला. एका डोळ्याला अंतराचा अंदाज येत नाही. पहिला घाव शेजारच्या गाडीच्या काचेवर बसला आणि काचेचा चुरा दोघांच्या अंगावर उडाला. दुसरा ठोक्याच्या मनगटावर बसला. हाड वाजलं. तिसराही हुकला, तेव्हा मेहुण्याने रॉड फेकून दिला आणि डाव्या मुठीत ठोक्याची कॉलर धरली. आता हुकायचा प्रश्नच नव्हता. उजव्या हाताने तो मारत सुटला.

"डोळा घेतलास तेव्हा काही बोललो मी? बोललो का?" लहानपणापासून 'भाऊजी, तुम्ही' म्हणणारा मेहुणा आज पहिल्यांदा 'तू' वर आला होता. "आता खुर्ची पण घेतोस? शिक्षा तुला पाहिजे ना, मग तू भोग! मला कशाला वाटून देतोस?"

प्रत्येक वाक्याला एक ठोसा. ठोक्याचं नाक मोडलं, एक दात घशात गेला. हे सगळं चाललेलं असताना त्याला आपण किती मूर्ख आहोत ते स्वच्छ कळलं. डोळा गेल्यावर या पोराकडे उरलं होतं काय? गोदाम, पट्टी, आणि स्टँडमधली एक खुर्ची. तीसुद्धा आपण मोठ्या मनाने उडवून टाकायला निघालो होतो.

मेहुणा दमला तेव्हा दोघं घरी आले. बायको नुकतीच कामावरून आलेली. तिने नवऱ्याचं तोंड बघितलं.

"कुणी केलं हे?"

"मी," मेहुणा म्हणाला. "ताई, मी दर मॅचला सुटं तिकीट काढून जाणार आहे. एकटा जाईन. तू कितीही बोंब मार."

सुटी तिकिटं कुठली मिळतात ते बायकोला न जाताही माहीत होतं. निळ्यांच्या जाळीला लागून असलेला कोपरा. तिथे दोन डोळेवाल्यांचीही डोकी फुटायची. ती बराच वेळ भावाच्या पट्टीकडे बघत राहिली. मग चपला घातल्या.

"खिडकी कधी बंद होते?"

"सहाला," ठोक्या रक्त थुंकत म्हणाला.

"चला मग. नाव तुमचं आहे, तुम्हीच पाहिजे ना तिथे."

रांगेतली माणसं ठोक्याचं थोबाड बघून हसली, मग पट्टी बघून गप्प झाली. खिडकीतल्या बाईने विचारलं, "दोन्ही तुमच्याच नावावर ठेवू?"

ठोक्या हो म्हणणार, तेवढ्यात बायको पुढे झाली. "उजवी याच्या नावावर करा. डावी माझ्या."

"अगं, आणि मी?"

"तुम्ही घरी बसायचं. त्याची डावी बाजू आंधळी आहे. त्या बाजूला तुमचा हात नको मला."

ठोक्याला भर रांगेत रडू आलं. नाक मोडलेलं असल्यामुळे ते नीट रडताही येईना. त्याने सही केली.

सीझन सुरू झाला. दर शनिवारी भाऊ-बहीण निघायचे आणि ठोक्या रेडिओला कान लावून बसायचा. पहिले काही शनिवार बायको कपाळाला आठ्या घालून परतली. नुसता आरडाओरडा, घाणेरडी माणसं, कसलं वेड आहे हे, असं म्हणायची. पुढे ती गोलकीपरला नावं ठेवायला लागली. मग एकदा हरल्यावर ती जेवलीच नाही. ठोक्याला हसू आलं होतं, पण त्याने ते दाबलं.

निळ्यांशी मॅच आली. त्या दिवशी रेडिओवरचा माणूस शेवटी म्हणाला की स्टँडच्या मागे गडबड झाली आहे, पोलीस पोचलेत. ठोक्या उठून दारापर्यंत गेला आणि परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. आपल्यासाठी ही बाई इतकी वर्षं अशाच येरझाऱ्या घालत असेल, हे त्याला तेव्हा सुचलं, आणि फार उशिरा सुचलं म्हणून स्वतःची लाज वाटली.

दोघं आले. मेहुण्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता. बायकोची बाही खांद्यापासून फाटली होती आणि उजव्या हाताची बोटं सोललेली होती. पोटावर रक्त उडालेलं, ते तिचं नव्हतं.

"भाऊजी, तुम्ही असायला पाहिजे होतं!" मेहुणा दारातूनच ओरडला. "एक निळा बाटली घेऊन माझ्या डाव्या बाजूने आला, मला पत्ताच नाही. ताईने त्याला धरला आणि खाली पाडला. खाली पाडल्यावरही सोडला नाही. चौघांनी ओढली तेव्हा उठली!" तो हात धुवायला आत गेला, आणि आतूनही हसण्याचा आवाज येत राहिला.

बायको खुर्चीवर बसली. चपला पायातच होत्या. ठोक्या तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"लागलंय का?"

"नाही." ती हाताकडे बघत होती. "बाटली त्याच्या हातातून पहिल्या फटक्यालाच पडली होती. तेव्हाच थांबता आलं असतं मला."

ठोक्याने तिच्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

"अहो, मला वाईट वाटायला पाहिजे ना?" तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "वाटत नाहीये. तुम्हाला वाटायचं?"

खोटं बोलायची ही वेळ होती, आणि ठोक्याला ते कळत होतं. पण त्या बाईशी तो आजवर कधी खोटं बोलला नव्हता. "नाही," तो म्हणाला. "मजा यायची."

तिने डोळे मिटले. ठोक्याला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्या गल्लीतही नाही.

"ताई," आतून मेहुण्याने हाक मारली, "पुढच्या शनिवारी जरा लवकर निघू या का?"

बायकोने फाटलेली बाही दुमडून वर केली. "निघू," ती म्हणाली.