रहिमतपूरच्या शेतात चाललेली बिनचालकाची गाडी

नव्वदच्या दशकात, सांगलीच्या विश्रामबागेत इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी आणि मैत्रीण सुनंदाने एक गाडी बनवली. जवानांच्या पुढे आपली आपण चालत जाऊन सुरुंग शोधणारी. अडचण एकच, बॅटरी लगेच उतरायची. सुनंदाचे मामा रहिमतपूरला करंजाच्या तेलावर इंजिन चालवतात असं कळल्यावर आम्ही गाडीचा सांगाडा पॅसेंजरच्या सामानाच्या डब्यात टाकला आणि निघालो.

पॅसेंजर रमतगमत जाते, पण तिकीट एसटीपेक्षा स्वस्त. वाटेत शेंगा घ्याव्यात. स्टेशनावर मामा बैलगाडी घेऊन उभे होते. निवृत्त सुभेदार, सीमेवर सुरुंगात डावा पाय गेलेला, नकली पायावर झपाझप चालायचे.

"परसातल्या बियांवर चालंल ही," ते म्हणाले. "डिझेलची वाट बगाय नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुनं छोटं इंजिन सांगाड्यावर बसवलं. आधी डिझेलवर तापवलं, मग गाळलेलं करंजतेल सोडलं. कडवट धूर आला आणि गाडी उसाच्या कडेने सरळ चालू लागली. मामा लहान मुलासारखे मागे मागे.

पुढे बांध लागला. अडथळा आला की वळायचं, एवढंच गाडीला ठाऊक. ती वळली, आणि त्याच बाजूने मामी जेवणाची पाटी घेऊन उसातून बाहेर आल्या. मामांनी तेलाची तोटी बंद केली, पण इंजिन लगेच थांबेना. चाक मामींच्या पावलावरून गेलं.

डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे. घरी आल्यावर सुनंदा म्हणाली, "मामा, ही अशी जवानांपुढे नाही न्यायची. तिला माणूस कळत नाही."

"सुरुंगालाबी कळत न्हाई, पोरी," मामा म्हणाले. "माज्या पुढं ही असती तर पाय ऱ्हायला असता."

पाय शेकत बसलेल्या मामी म्हणाल्या, "आवं, मग तिला थांबवणारं कुनीतरी मागं ठेवा की."

सांगलीला परतल्यावर सुनंदाने गाडीला लांब दोरी बांधली. ओढली की इंजिन बंद. परीक्षकांनी विचारलं, "मग ही स्वयंचलित कशी?"

"नाहीच," ती म्हणाली. तेवढे गुण गेले.

करंजाचा वास कपड्यांतून दोन धुण्यांत गेला. मामांचं ते पाय राहिला असता हे वाक्य मात्र अजून सुटत नाही. त्यांचंही खरं होतं, आणि सुनंदाचंही.