सतरावं पान

शाळेतल्या पोरांनी ग्रंथपालबाईंचं नाव ठेवलं होतं शूबाई. चौतीस वर्षं ग्रंथालयात ओठांवर बोट ठेवून काढली, आणि निवृत्त झाल्यावर याच बाई घरोघरी जाऊन घसा बसेपर्यंत मोठ्याने वाचू लागल्या. ज्यांना दिसत नाही, अंथरुणातून उठवत नाही, अशांसाठी, फुकट. चहासुद्धा नको म्हणायच्या; पुस्तकावर सांडतो.

मंगळवार शिवणवालीच्या घरचा. तिच्या सासूबाईंची नजर गेली होती, जीभ मात्र शाबूत होती. शिवणवाली बाईंच्याच शाळेतली जुनी विद्यार्थिनी. पण बाई वाचायला बसल्या की ती आतल्या खोलीत मशीनवर जाऊन बसे. हिला पुस्तकांचं वावडंच, बाई मनाशी म्हणत. शाळेत एक पुस्तक हरवलं होतं हिने. बाईंच्या कारकिर्दीत गहाळ झालेलं तेवढं एकच, म्हणून त्याचा क्रमांकही पाठ होता: २३१८.

त्या दिवशी सासूबाईंनी फर्मान काढलं, "गोष्टी पुरे झाल्या. काहीतरी उपयोगाचं वाचा."

"मधमाशीपालन चालेल?" शाळेने कुणी कधी न नेलेली पुस्तकं काढून टाकली, तेव्हा बाईंनी गठ्ठा घरी आणला होता. त्यातलंच हे. कापडी बांधणी, पाठीवर बाईंच्याच अक्षरातली नावाची चिठ्ठी.

"चालेल की. माणसं येत नाहीत, निदान माशा तरी येतील."

बाईंनी मधलंच पान उघडून वाचलं, "शिडाची दोरी धरून खलाशाची मुलगी वर वर चढत गेली..."

"मधमाश्या जहाजाने मागवतात वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी पान उलटलं, आणखी एक उलटलं. माशीचा पत्ता नव्हता. मग हात आपोआप सतराव्या पानाकडे गेला. पहिलं पान फाटलं तरी ओळख राहावी म्हणून तिथेही तळाला त्या क्रमांक लिहून ठेवत. निळ्या शाईत होतं: २३१८.

हरवलेलं पुस्तक ते हेच.

आजची शिवणवाली तेव्हा सहावीतली मुलगी, बाईंच्या टेबलासमोर उभी होती. "बाई, मी परत दिलं. तुम्हीच बायंडिंगच्या गठ्ठ्यावर ठेवलंत." बाईंनी यादी पाहिली. यादीत अकरा, बायंडरकडून आलेली अकरा. खोटारडी! कार्ड रद्द केलं, महिनाभर फलकावर तांबड्या शाईत नाव. यादी झाल्यावर गठ्ठ्यावर बारावं पडलं असेल, आणि मधमाश्यांच्या पुस्तकाला वाळवी लागली म्हणून बायंडरने ते परस्पर फेकलं असेल, हे डोक्यातच आलं नाही. आलेलं एकही पुस्तक न उघडता शहाण्या बाईंनी यादीप्रमाणे चिठ्ठ्या डकवल्या. उरलेली मधमाश्यांची चिठ्ठी उरलेल्या पुस्तकाला.

"बाई, थांबलात का?" सासूबाईंनी विचारलं.

पुस्तक पिशवीत टाकलं असतं तर कुणाला कळणार होतं? सासूबाईंना थोडंच दिसत होतं. असा विचार आपल्या मनात आला याचाच बाईंना धक्का बसला. त्या उठल्या.

आत त्यांनी सतरावं पान शिवणवालीसमोर धरलं. मशीन थांबलं.

"तू दिलं होतंस गं. खरं बोलत होतीस. चूक माझी."

शिवणवालीने त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. ती चिडली नाही, रडलीही नाही. चार शब्द सुनावेल तर बरं, असं बाईंना झालं.

"आईने घर उलथंपालथं केलं होतं, बाई," ती म्हणाली. "गादीसुद्धा उसवली. रोज विचारायची, कुठे टाकलंस? शेवटी कंटाळून सांगितलं, तळ्यात पडलं."

"तळ्यात?"

"मग सगळे गप्प बसले. पण सांगून सांगून मलाच ते पडताना दिसायला लागलं. बुडताना पानं सुटलेली, अगदी स्पष्ट. आत्ता तुम्ही येईपर्यंत मला तेच खरं वाटत होतं." तिने मान खाली घातली. "म्हणून आत येऊन बसायचे. तुमच्यासमोर बसायची लाज वाटायची."

बाई सतरावं पान तसंच उघडं धरून उभ्या होत्या.

"अहो, ती पोरगी लटकलीय तिकडे दोरीवर!" बाहेरून सासूबाई ओरडल्या. "कुणी वाचणार आहे का?"

शिवणवालीने बाईंना मशीनपुढच्या आपल्या स्टुलावर बसवलं, पुस्तक घेतलं आणि बाहेर गेली. थोड्या वेळाने तिचा वाचण्याचा आवाज आला, अडखळत, सहावीतल्या मुलीसारखा. बाईंना काही केल्या उठवेना.