मास्तरांच्या आवडीच्या चार जागा

फाउस्तिनो कांतो म्हणून विचाराल तर माग्दालेनात कुणी ओळख द्यायचं नाही. शिंपीमास्तर म्हणा, की शेंबडं पोरही दुकानापर्यंत आणून सोडील. लिमा शहराच्या समुद्राकडच्या अंगाला आमची ही वस्ती, आणि मंडईच्या मागच्या गल्लीत मास्तरांचं दुकान. एकेकाळी वकील आणि बँकेतले साहेब त्यांच्याकडे कोट शिवायला यायचे. आता कोट कोण शिवतो? पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या. पण मास्तर अजूनही दुकानात बसायचे ते जाकीट चढवून, केसांना पाणी लावून, जणू एखादा वकील आत्ता दारात उतरणार आहे.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. वाईट असता तर त्याची गोष्ट सांगायला मी बसलेच नसते. खोड एकच. चौदाव्या वर्षी ते वांकावेलिकाच्या डोंगरातून लिमात आले, आणि इथल्या लोकांनी त्यांच्या बोलण्याला हसून हसून त्यांना रडवलं. तेव्हापासून त्यांनी डोंगर जिभेवरून पार खरवडून काढला. कुणी गाव विचारलंच, तर म्हणायचे, "आम्ही मूळचे इथलेच."

खरं काय ते एकाच ठिकाणी बाहेर पडायचं. मंडईत, एर्मेलिंदा वामानीच्या रसाच्या गाळ्यावर. बाई त्यांच्याच मुलखातली. सकाळी सातला मास्तर तिथल्या उंच स्टुलावर चढून बसायचे आणि दोघं केचुआत, म्हणजे डोंगराकडच्या बोलीत, हळू आवाजात गप्पा मारायचे. बटाट्याच्या, गारपिटीच्या, कधीच मेलेल्या मावश्यांच्या. ती त्यांना कासेरो म्हणायची, ते तिला कासेरा. एकमेकांना बांधलेलं गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचं आमच्याकडचं हे नातं, लग्नापेक्षा टिकाऊ. पपई-अननसाचा पेला संपला की मिक्सरच्या भांड्यात उरलेला रस ती न विचारता पुन्हा त्यांच्या पेल्यात ओतायची. त्याला म्हणतात यापा. यापा पैसे देऊन मिळत नाही. परक्याला पेलाभर रस, आणि यापा आपल्या माणसाला.

मास्तरांची बायको नेलिदा गेली तेव्हा ते आठवडाभर दुकानाचं दार लावून आत बसले होते. एर्मेलिंदा गाळा टाकून दिवसातून दोनदा किटली घेऊन यायची आणि दार बडवायची. "प्या मुकाट्याने, नाहीतर डोक्यावर ओतीन!" त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दर नाताळला मास्तर तिला एक एप्रन शिवून देत. निळा, पांढऱ्या पट्टीचा, आणि आतल्या अंगाला एक चोरखिसा, तिने मुद्दाम मागून घेतलेला.

आणि अशा माणसाने काय करावं? ऐका.

गेल्या ऑगस्टात, धुकं इतकं की वाळत घातलेले कपडे चार-चार दिवस ओले, अशा एका सकाळी एक मुलगी मास्तरांच्या दुकानात आली. आमच्या वस्तीत एक साप्ताहिक फुकट वाटतात, त्यात ती लिहायची. दर अंकात एका रहिवाशाच्या आवडीच्या जागा. पोरगी नाजूक, गोरी, बोलणं मोठ्या शाळेतलं. म्हणाली, "मास्तर, तुमच्यासारखे अस्सल लिमाकर आता राहिलेत कुठे!"

झालं. मास्तर हरभऱ्याच्या झाडावर.

त्यांनी चार जागा सांगितल्या. पहिली, कड्यावरचा समुद्राकडे तोंड केलेला बाक. तिथे ते वर्षातून एकदा जायचे आणि चक्कर येते म्हणून दोन मिनिटांत परतायचे. दुसरी, चर्चमधला तिसरा बाक. तिथे नेलिदा बसायची, हे बाहेर शेंगदाणे खात उभे. तिसरी, वाचनालय. त्याला तीन वर्षं कुलूप आहे. आणि चौथी, कोपऱ्यावरचं नवं कॉफीचं दुकान, जिथे त्यांनी उभ्या जन्मात एकदा चौदा सोल मोजून कॉफी घेतली होती आणि कडू लागली म्हणून अर्धी टाकून दिली होती.

"आणि मंडई?" मुलीने विचारलं. "ती तर तुमच्या पाठीलाच आहे."

आता इथे गप्प बसायला काय होत होतं? पण जिभेला हाड असतं तर ना! मास्तरांनी जाकिटाची बटणं सारखी केली आणि म्हणाले, "मंडईत सगळे डोंगराकडून आलेले लोक. स्वच्छता कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नाही. मी तिथे पाणीसुद्धा पीत नाही."

मुलगी गेली. मास्तरांना तोंड कडू कडू वाटायला लागलं. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली की एवढं बारीकसारीक कोण छापतं.

शुक्रवारी अंक आला. छापलं होतं, शब्दाला शब्द, वर जाकिटातला फोटो. मास्तरांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि कानशिलं तापली. दुकान तसंच उघडं टाकून ते बाहेर पडले. बेकरीतून उचलला गठ्ठा, औषधांच्या दुकानातून उचलला, न्हाव्याकडून उचलला. न्हावी म्हणाला, "काय मास्तर, फोटो नातेवाइकांना पाठवताय वाटतं?" मास्तर कसनुसं हसले. साठ-सत्तर अंक त्यांनी कापडाच्या ठाणांमागे कोंबले आणि स्टुलावर बसून स्वतःलाच म्हणाले, "खाल्ल्या घरचे वासे मोजलेस, फाउस्तिनो." त्या दिवशी सुईत दोरा काही ओवला गेला नाही.

शनिवारी मात्र जावंच लागलं. एक दिवस गेलं नाही तर एर्मेलिंदा किटली घेऊन दारात हजर होणार. शिवाय ती कुठे वाचत बसते पेपर, असा एक आधार होता. ते मंडईत शिरले, आणि पाहतात तर काय! गाळ्याच्या काचेवर, पपयांच्या वरच्या बाजूला, साप्ताहिकाचं ते पान चिकटवलेलं. मास्तर फोटोतून मास्तरांकडेच बघत होते.

"या, या!" शेजारचा मासेवाला आबुंदियो सुरी हातात घेऊनच ओरडला. "आता तुमच्याशी बोलायचं तर चिठ्ठी पाठवावी लागणार! पेपरातली माणसं तुम्ही. माझं नाव घातलंत का त्यात?"

"मी म्हटलं, माझा कासेरो पेपरात आलाय, लावते सगळ्यांना दिसेल असं," एर्मेलिंदा पपई चिरत म्हणाली. "पण चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे. तुम्हीच वाचून दाखवा, मास्तर. मोठ्याने वाचा, आबुंदियोला कमी ऐकू येतं."

मास्तर स्टुलावर चढले. बाजूला भाजीवाल्या दोघी येऊन उभ्या राहिल्या. पळून जावं तर कुठे? त्यांनी घसा साफ केला, पानाकडे नजर लावली आणि वाचायला लागले.

"'माझी आवडती जागा एकच. मंडईत एर्मेलिंदा वामानी यांचा रसाचा गाळा आहे. तिथल्या तिसऱ्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, ते स्टूल माझं. माझी बायको गेली तेव्हा या बाईंनी मला जगवलं. समुद्र, वाचनालय, कॉफी, हे सगळं लोकांना सांगायला ठीक आहे. मला विचाराल तर सकाळी सात वाजता मी तिथे असतो, आणि बाकीचा दिवस तिथून परत आलेला असतो.'"

यातलं एक अक्षर कागदावर नव्हतं, आणि एक अक्षर खोटं नव्हतं. एका भाजीवालीने डोळ्यांना पदर, म्हणजे शालीचं टोक, लावलं. आबुंदियो म्हणाला, "माझं नाव नाहीच ना? असू दे, पण लिहिलंय झकास!" मास्तरांना वाटलं, सुटलो.

एर्मेलिंदाने चिरलेली पपई भांड्यात टाकली. मिक्सर फिरवला, पेला भरून पुढे ठेवला. मास्तर एका दमात प्यायले. आणि मग वाट बघत बसले, रोजच्यासारखे.

तिने भांडं उचललं. तळाशी चांगला अर्धा पेला रस होता. ती नळाकडे गेली, रस मोरीत ओतला आणि भांडं खळखळून धुतलं. मग हात पुसले, एप्रनच्या आत हात घातला आणि मास्तरांनीच शिवलेल्या त्या चोरखिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

ती पानासमोर जाऊन उभी राहिली. एकेका ओळीखालून बोट फिरवत गेली आणि खालून तिसऱ्या ओळीवर थांबली.

"कासेरो, एवढं एक वाक्य राहिलं तुमचं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच तर वाईट. "हे वाचा."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बोट हलेना. शेवटी त्यांनी वाचलं. डोंगराकडून आलेले लोक, स्वच्छता, पाणीसुद्धा पीत नाही, सगळं. आबुंदियोची सुरी थांबली. भाजीवाल्या आपापल्या टोपल्यांकडे बघायला लागल्या. वाचून झाल्यावर मास्तर स्टुलावरून उतरले आणि केचुआत म्हणाले, हळू नाही, सगळ्या मंडईला ऐकू जाईल असं, "मी वांकावेलिकाचा आहे. मी डोंगराकडचाच आहे. चुकलो मी, कासेरा."

पन्नास वर्षांत ही बोली त्यांच्या तोंडून मोठ्याने कुणी ऐकली नव्हती. मासे घ्यायला आलेली एक बाई वळून बघायला लागली.

एर्मेलिंदाने चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला.

"हं. आता नीट वाचलंत."

मास्तरांचा हात सवयीने रिकाम्या पेल्याकडे गेला. पेला त्यांनी बोटभर पुढे सरकवला, आणि आपण काय करतोय हे लक्षात येऊन तसाच मागे घेतला. ते तिने पाहिलं. फडकं उचलून ती फळी पुसायला लागली, मान वर न करता.

"भांडं धुऊन ठेवलंय मी. उद्या या. पेलाभर रस मिळेल."