टेबलावरचे दोन शब्द

सकाळी नानांच्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी शिरपूरला दाढी करत होतो. उचलायच्या आधीच वैतागलो; हा माणूस पुन्हा शब्द विचारणार. पण पलीकडे त्यांची मुलगी सुनंदाताई होती. ‘भाऊ, नाना गयात.’

जळगावात पिंप्राळ्याला नानांचं शिलाईचं दुकान. लग्नाची अहिराणी गाणी ते लिहायचे, मी गायचो. हळदीला डीजेवर वाजणारी ती गाणी लोकांना पाठ आहेत, लिहिणारा माहीत नाही. एका अर्थाचे दोन शब्द सुचले की नाना कटिंगच्या टेबलावर खडूने दोन्ही लिहीत, मला फोन करून ओळ दोनदा वाचत आणि विचारत, ‘कोणता शबद गयामा अडकस?’ गळ्यात अडकेल तो ठेवायचा, दुसरा अंगठ्याने पुसायचा. विरुद्ध शब्दांचंही त्यांना वेड. रडण्याच्या ओळीत कुठेतरी हसू हवंच. नुसतं रडणं लिहिलं तर मांडवात कुणी रडत नाही, म्हणायचे.

शेवटचं गाणं नातीच्या, म्हणजे सुनंदाताईंच्या लेकीच्या, पाठवणीचं. ‘मांगे वळीसन दखू नको पोरी, आते घर सुटनं.’ की माहेर सुटनं? मी घाईत होतो. म्हणालो, ‘नाना, कोणता बी चाली. दोन्हीस्ना अर्थ एकच शे.’ ते म्हणाले, ‘एकच व्हता तर फोन कसाले करतू?’ तीन दिवसांनी ते गेले.

लग्न ठरल्या तारखेलाच होणार होतं. रेकॉर्डिंग जवळ आलं तशी माझी झोप उडाली. माहेर म्हटलं की बायका डोळ्यांना पदर लावतात, हे मला ठाऊक. पण उंबरा ओलांडेपर्यंत पोरीचं ते घरच असतं ना... चुकीचा शब्द गायलो तर तो कायमचा नानांच्या माथी. शेवटी त्यांच्याच नंबरवर फोन लावला. सुनंदाताईंना म्हटलं, नाना वाचायचे तशी ओळ दोनदा वाचा, एकदा माहेर, एकदा घर. माहेर त्यांनी सरळ वाचलं. दुसऱ्यांदा ‘आते’पर्यंत आल्या, आणि पुढे आवाजच नाही.

मी घर गायलो. बरोबर केलं का, ही धाकधूक अजून आहे. परवा पिंप्राळ्याला गेलो तर टेबलावर खडूचे दोन्ही शब्द तसेच. एक पुसायचा राहिला होता. माझा अंगठा काही पुढे होईना. मग सुनंदाताई आल्या आणि माहेर त्यांनीच पुसलं.